पावणेतीन

पावणेतीनला ती येते.
आधी जिभेच्या मुळाशी आंबट,
मग छातीच्या मधोमध
कुणी सावकाश काडी ओढावी तसं.

मी उठते. म्हणजे उठवते स्वतःला,
आधी डावी कूस, मग कोपर,
मग पोट मांडीवर टेकवून थांबते.
बाहेर चियातुरा. दरीत मँगनीजने काळी पडलेली नदी,
बंद पडलेल्या पाळण्याचा दोर,
आणि अंधार, जो इथे वरून नाही,
दोन्ही डोंगरांकडून येतो.

सातव्यापर्यंत मी भट्टीवर होते.
मातीची खोल भट्टी. कमरेपर्यंत आत वाकायचं,
कणकेची लांब होडी भिंतीला थापायची,
भुवया जळायच्या आत बाहेर.
वाकलं की सगळं घशाशी यायचं:
सकाळचा चहा, रात्रीचा राजमा,
सासूने बरण्या भरून ठेवलेली
अलुबुखाराची आंबट चटणी.
मालक ओतार म्हणाला, दोन आगी एका जागी नकोत.
तेव्हापासून मी गल्ल्यावर.

औषधं सगळ्यांकडे आहेत.
सासू, लामारा: "जळजळ म्हणजे केस. जावळ दाट असणार बघ."
नणंद: बदाम, भिजवून, सोलून,
एकेक, चावून चावून.
डॉक्टर त्सिसाना कमी बोलते.
थोडं थोडं खा. निजायच्या आधी तीन तास काही नको.
डोकं उंच. ही गोळी, मी सांगते तेवढीच.
तिखट नको, म्हणाली, आणि स्वतःच हसली:
तुमच्या घरी? तिखट नको?

रविवारी पंगत. तमादा उठला,
एक प्याला शांततेला, एक गेलेल्यांना,
एक येणाऱ्याला,
आणि सगळे माझ्या पोटाकडे वळले.
मी उकडलेला बटाटा खात होते.

नवरा पोलंडात ट्रक चालवतो.
फोनवर म्हणतो, दूध पी.
पिते, म्हणते मी.
दूध दहा मिनिटं ऐकतं, मग तेही उलटतं.

आणि समोरची खिडकी.
अंगणापलीकडे तिसरा मजला, वार्लाम,
खाणीतून निवृत्त, पोटात जुना अल्सर.
त्याचाही दिवा पावणेतीनला.
तो कपात पाणी ओततो, मी कपात पाणी ओतते.
दिवसा जिन्यात भेटलो
तर तो टोपीला हात लावतो, मी पिशवी सावरते.
रात्रीचं कुणी काढत नाही.

एका सकाळी दाराशी दोन विटा,
वर्तमानपत्रात गुंडाळलेल्या. चिठ्ठी नाही.
उलगडा व्हायला मला अर्धा दिवस लागला.
मग पलंगाच्या उशाकडच्या पायांखाली
एकेक सरकवली.
लामारा म्हणाली, घरात घसरगुंडी केलीस की.
त्या रात्री मी साडेचारपर्यंत झोपले.

छत्तिसाव्या आठवड्यात पोट खाली उतरलं.
श्वास पुरता आला.
आता कंबर धरते, तासातासाला उठावं लागतं,
दिवा न लावता, भिंतीला हात लावत, आणि परत.
पण छाती गप्प. चूल सारवून ठेवल्यासारखी.

चौथ्या सकाळी दार वाजलं.
वार्लाम. टोपी हातात.
"तीन रात्री दिवा दिसला नाही. म्हटलं..."
पुढचं त्याने गिळलं.
गिळण्याची आम्हा दोघांना सवय आहे.
"बरी आहे," मी म्हटलं. "पोट उतरलंय."
"हां. उतरलं." तो म्हणाला,
आणि बराच वेळ जिन्यात
त्याचे जोडे ऐकू येत राहिले, एक पायरी, मग थांबून दुसरी.

आता निजताना
मी स्वयंपाकघरातला दिवा मालवत नाही.
लामारा विजेच्या बिलाचं बोलते.
बोलू दे.
मी डाव्या कुशीवर वळते.